धुण्याच्या खोलीतल्या एकेचाळीस प्लेटा

आमच्या संस्थेत काचसामान धुणाऱ्या बाईंना माघारी सगळे नाकबाई म्हणत. तोंडावर 'मावशी' म्हणत, आणि बाईंना त्याचाच जास्त राग यायचा. "मी तुमच्यापैकी कुणाच्या आईची बहीण आहे?" त्या विचारायच्या. "मला बहीण एकच, तिला मुलं दोनच, आणि दोघंही धड वागतात." मग नवा विद्यार्थी ओशाळून 'बाई' म्हणायला लागायचा. मीही तशीच ओशाळले होते. मी यीस्टवर संशोधन करायला तिथे दाखल झाले तेव्हा बाईंना त्या धुण्याच्या खोलीत बावीस वर्षं झाली होती.

खोली म्हणजे नुसता बोळ. एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी. दोन खोल स्टीलच्या मोऱ्या, कोपऱ्यात ऑटोक्लेव्ह, म्हणजे माणसाच्या छातीएवढा प्रेशर कुकर. आमचे वापरून झालेले फ्लास्क, नळ्या, प्लेटा आधी त्यात उकडायच्या, मग बाईंनी त्यातला थलथलीत अगार, म्हणजे यीस्ट ज्यावर वाढतं ती जेली, काढून काच घासायची. आंबलेल्या पिठात कुणी ओले मोजे उकळत ठेवावेत तसा तिथला वास. पहिल्या दिवशी दारातूनच मला उमासा आला. बाई पाठमोऱ्या होत्या. न वळताच म्हणाल्या, "ओकायचं असेल तर डावीकडच्या मोरीत. उजवीकडची आत्ताच घासली आहे."

त्यांना स्वतःला त्या वासाची सवय झाली असेल असं मला वाटायचं. मुळीच झाली नव्हती. बावीस वर्षं रोज सकाळी खोलीचं कुलूप काढताना त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. त्यांच्या वडिलांची बेकरी होती. लहानपणी पीठ मळायच्या लाकडी पेट्या खरवडायचं काम या पोरीकडे. फटीफटीत आंबलेलं, करडं पडलेलं पीठ नखांनी काढायचं. शाळेत मुली तिच्या शेजारी बसत नसत. लग्नाच्या वेळी तिने घरात बजावलं होतं, "पाववाला नको, दारूवाला नको, काहीही आंबवणारा नको." नवरा मिळाला तो बसच्या कारखान्यातला फिटर. ग्रीसचा वास येतो तो चालेल, म्हणाल्या. आणि पुढे नोकरी मिळाली ती नेमकी यीस्टच्या प्रयोगशाळेत. "नशीब बघ," त्या सांगायच्या, "बापाच्या घरी पिंपभर आंबायचं, इथे थेंबथेंब आंबतं. घाण तीच. फक्त इथे तिला इंग्रजी नाव आहे."

पण त्या घृणेपोटीच त्यांचं काम इतकं चोख होतं की दुसऱ्या विभागातले लोक काच उसनी न्यायला यायचे. प्रत्येक फ्लास्क उकडण्याआधी त्या हुंगायच्या. नाक फेंदारायचं, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. "हा हलवायच्या यंत्रावर दोन दिवस जास्त राहिला." "यात जिवाणू शिरलेत. आमच्या घाणीत दुसऱ्याची घाण." आम्ही हसायचो. मग सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघायचो आणि फ्लास्क टाकून द्यायचो. बाई कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

एका दुपारी ऑटोक्लेव्हचा दाब उतरायची वाट बघत आम्ही दोघी स्टुलांवर बसलो होतो. त्यांनी विचारलं, "पाव फुगवायला यीस्ट लागतं, दारूला लागतं. तुम्ही ना पाव भाजता ना दारू गाळता. मग हे एवढं सडवता कशासाठी?"

मी सांगायला लागले. यीस्टची पेशी एरवी मजेत असते. खाते, फुगते, अंगाला फुटवा आणते, वाढत जाते. पण तिचं खाणं तोडलं आणि ॲसिटेट नावाचं एक मीठ घातलेल्या अगारवर तिला ठेवलं, की तिला कळतं, आता काही खरं नाही. मग ती स्वतःच्या पोटात चार बीजाणू तयार करते. प्रत्येक बीजाणूभोवती दुहेरी पातळ पडदा येतो आणि त्या दोन पडद्यांच्या मधल्या फटीत भिंत उभी राहते, आतून बाहेर, एकेक थर. पहिले दोन थर साखरेच्या जातीचे. पेशीच्या नेहमीच्या भिंतीतही तेच असतात, पण इथे क्रम उलटा. तिसरा खेकड्याच्या कवचाशी नातं सांगणाऱ्या मालाचा. आणि सगळ्यात बाहेर एक अगदी पातळ चौथा थर. प्रथिनांतलाच एक कण घ्यायचा, त्याच्या जोड्या जोडायच्या आणि त्या विणून घट्ट जाळी करायची. ती जाळी कुठल्या किड्याच्या पोटातल्या रसालाही सहजी पचत नाही. अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकते.

"आणि आई?"

"आई संपते. तिच्या कातडीची पिशवी उरते. पिशवीत चार पोरं."

"शी!" बाई स्टुलावरून उठल्याच. "आईच्या कातड्याची पिशवी, आणि तुम्ही ती काचेतून न्याहाळता! सकाळी खाऊन येतेस ना गं?" थोडं थांबून, नाक तसंच मुरडलेलं ठेवून, म्हणाल्या, "मग? भिंत झाली की नाही हे कसं कळतं?"

"ईथरची वाफ द्यायची. साधी पेशी पंधरा मिनिटांत मरते. ज्याची भिंत पुरी झाली तो बीजाणू जगतो. वाफ दिल्यावर प्लेटला पुन्हा खाणं देऊन ती उबेत ठेवली आणि तिच्यावर वाढ आली, तर भिंत होती. नाही आली, तर नव्हती."

"आणि ईथरने प्लास्टिक विरघळतं म्हणून माझ्या बोकांडी काचेच्या प्लेटा."

"हो."

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं उगाच वाटायचं, तुम्हाला माझी हाडं मोडायची हौस आहे."

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते मोठे सर. कायम इस्त्रीचा शर्ट, कायम अत्तर. त्यांच्यासमोर उभं राहिलं की अत्तराच्या मागून शिळ्या चहाचा भपकारा यायचा. चहा ते प्रयोगाच्या काचेच्या कांडीने ढवळायचे आणि ती कांडी, साखर चिकटलेली, तशीच आमच्या धुण्याच्या बादलीत टाकायचे. धुण्याच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. बाईंना काही सांगायचं असलं तर मला सांगायचे, बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या असल्या तरी.

सरांचा शोध असा होता: यीस्टमधला एक विशिष्ट जीन काढून टाकला की बीजाणूंचा बाहेरचा थर होतच नाही. म्हणजे तो जीनच त्या भिंतीचा गवंडी. तो जीन काढलेल्या यीस्टला आम्ही सतरा नंबर म्हणायचो. माझं काम सरळ होतं. सतरा नंबरला तीन दिवस उपाशी ठेवायचं, ईथर द्यायचं, आणि ते मेलं असं लिहायचं. आणि ते मरायचं. सरांनी परिषदेत भाषण केलं, टाळ्या घेतल्या, लेख लिहायला घेतला.

मग मला ताप आला. दोन दिवस मी अंथरुणात. तीन दिवसांनी काढायच्या प्लेटा पाच दिवस उपाशी राहिल्या. परत आल्यावर फेकून द्यायचा कंटाळा, म्हणून त्यांनाही ईथर दिलं, खाणं दिलं आणि उबेत ठेवल्या. दोन दिवसांनी झाकण काढलं तर सतरा नंबर जिवंत. पांढरट, ओलसर, गुबगुबीत ठिपके, दाटीवाटीने.

मी पुन्हा करून बघितलं. तीन दिवस ठेवलं की मरायचं, पाच दिवस ठेवलं की जगायचं. सरांना दाखवलं.

सरांनी प्लेट वाकडी करून उजेडात धरली. "दूषित झाली आहे," म्हणाले. "हवेतलं काहीतरी पडलंय."

"सर, सगळ्याच पाच दिवसांच्या..."

"सगळ्याच दूषित झाल्यात. काच नीट धुतली जात नाही. वहीत 'दूषित' लिही आणि टाकून दे. लेख पुढच्या आठवड्यात जायचाय."

मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. यीस्टच होतं ते, दुसरं काही नव्हतं. तरीही मी लिहिलं. निळ्या शाईने, प्लेटांच्या तळाशीही आणि वहीतही: दूषित. तेव्हा मला स्वतःची किळस आली असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला भूक लागली होती आणि लवकर खाली जाऊन काहीतरी खायचं होतं. महिनाभर हे चाललं. पाच दिवसांच्या प्लेटा जगल्या की 'दूषित', आणि बादलीत.

पण टाकलेलं सगळं कुणाच्या तरी हातातून जातंच, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं.

एका सकाळी बाईंनी मला खोलीत बोलावलं. हातात माझी प्लेट. तळाशी माझं अक्षर.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"यात दूषित काय आहे? मी हुंगलंय. जिवाणू असले तर नासक्या अंड्यासारखं येतं, नाहीतर गटारासारखं. बुरशी असली तर ओल्या भिंतीसारखं येतं. ही आपलीच घाण आहे. निव्वळ, शुद्ध, बापाच्या घरची घाण."

"सरांनी सांगितलं तसं लिहायला."

बाईंनी झाकण उघडलं आणि प्लेट माझ्या तोंडापुढे धरली. दोन दिवसांचं यीस्ट, आंबट, उबट. माझी मान आपोआप मागे गेली.

"सरांनी सांगितलं तर खाशील का हे?"

मी झाकण लावायला हात पुढे केला, तशी त्यांनी प्लेट मागे ओढली.

"माझ्या हातच्या काचेवर दूषित लिहिलंस, म्हणजे माझ्यावर लिहिलंस," त्या म्हणाल्या. "जा. हात धुऊन जा."

पुढे व्हायचं तेच झालं. महिन्याभरात एवढ्या प्लेटा दूषित कशा, असं संस्थेच्या कार्यालयाने विचारलं. सरांनी एका वाक्यात उत्तर दिलं: धुणाऱ्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. बाईंच्या हातात नोटीस पडली. 'आपल्या कामातील अस्वच्छतेमुळे' अशी सुरुवात होती. अस्वच्छता! ज्या बाईने सणकून ताप असतानाही कोपरापर्यंत हात घालून नळ्यांची बुडं घासली, तिला. कारकुनाने पोच म्हणून सही मागितली. बाईंनी कागद दोन बोटांच्या चिमटीत, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा धरला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. "सही करायला मी हा वाचला पाहिजे," म्हणाल्या, "आणि वाचायला जवळ घ्यावा लागेल. नको."

सही न केल्यामुळे प्रकरण समितीकडे गेलं. समितीत तिघं. एक उपसंचालक, एक कार्यालयातले गृहस्थ, आणि दुसऱ्या विभागातल्या एक प्राध्यापिका. त्या झाडांवरच्या रोगट बुरशीवर काम करत, म्हणून त्यांना सगळे बुरशीबाई म्हणायचे. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, बंद खिडक्या. सर एका बाजूला, मी त्यांच्या शेजारी. बाई आल्या त्या एक खोकं उचलून. खोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: फुटकी काच. शीतखोलीच्या तळाच्या फळीवर ते महिनाभर होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. फुटकी काच कोण उघडून बघणार?

बाईंनी एकेक प्लेट टेबलावर मांडली. एकेचाळीस. झाकणांच्या आतून पाणी साचलेलं, अगार आक्रसलेला, ठिपके पिवळट पडून एकमेकांत मिसळलेले. पहिलं झाकण उघडलं आणि खोलीत वास पसरला. कार्यालयातल्या गृहस्थांनी रुमाल काढला. उपसंचालकांनी खुर्ची मागे सरकवली.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले. "हा कचरा आहे. टाकलेला कचरा इथे आणायचा?"

"कचराच आहे," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे झाला म्हणता, तर बघून घ्या कसला आहे. चाळीस प्लेटांत यीस्टशिवाय काही नाही. ही एक मात्र वेगळी ठेवलीय." त्यांनी कडेची प्लेट पुढे ढकलली. ठिपक्यांच्या कडेला हिरवट, चिकट पसारा. "ही खरी दूषित आहे. ही माझी चूक असेल. एक. तेवढी नोटिशीत लिहा, मी सही करते."

"नाक हा काही पुरावा होत नाही," सर हसून उपसंचालकांना म्हणाले. ते हसणं अजून माझ्या अंगावर शेवाळासारखं बसलं आहे.

"नाही होत," बुरशीबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या एकट्याच नाक न झाकता बसल्या होत्या. "सूक्ष्मदर्शक होतो. मी बघते." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "प्लेटांवर ईथरची तारीख आहे. त्याआधी यीस्ट किती दिवस उपाशी होतं?"

उत्तर फक्त मला माहीत होतं. आणि सरांना.

"तीन," सर म्हणाले. "नेहमी तीनच."

बुरशीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बाईही बघत होत्या. मी पाण्याचा ग्लास उचलला, घोट घेतला, आणि ग्लास खाली ठेवला. बस. माझं उत्तर एवढंच.

समितीने आठवड्याने पुन्हा भेटायचं ठरवलं. बाईंनी प्लेटा बुरशीबाईंच्या हवाली केल्या आणि रिकामं खोकं काखेत घेऊन निघाल्या. बाहेर जिन्यात मी उभी होते. माझ्याजवळून जाताना त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकावर धरला. त्या खोलीत त्यांनी कधी नाकावर रुमाल धरलेला मी बघितला नव्हता. धुताना वास कळला पाहिजे, म्हणायच्या.

त्या दिवशी मी घरी जेवले नाही. दोनदा आंघोळ केली. काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुरशीबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या म्हटलं, "पाच दिवस. जगलेल्या सगळ्या पाच दिवसांच्या. मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं."

त्यांनी शाबासकी दिली नाही, हे बरं केलं. "तुझी वही आण," एवढंच म्हणाल्या. आणि मी वही पुढे ठेवल्यावर, 'दूषित' शब्दांवरून बोट फिरवत, "अक्षर छान आहे तुझं," म्हणाल्या. ते ऐकून मला मोरी शोधावीशी वाटली.

त्यांच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळं नव्याने केलं. सतरा नंबर आणि साधं यीस्ट, शेजारी शेजारी. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी थेंब घेऊन अतिनील दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली. साध्या यीस्टच्या पिशव्यांतले चारही बीजाणू तिसऱ्याच दिवशी निळे. प्रत्येकाच्या कडेला बारीक, एकसारखं, थंड निळं कडं. सतरा नंबरचे बीजाणू तिसऱ्या दिवशी काळे, आकार होता पण कड नाही. चौथ्या दिवशी कुठे कुठे अर्धवट, फाटक्या काठासारखी. पाचव्या दिवशी पूर्ण. म्हणजे भिंत होत होती. साखरेचे थर वेळेवर, शेवटचा थर उशिरा. सरांचा जीन गवंडी नव्हताच, फार तर मुकादम होता. तो नसला तरी काम व्हायचं, रखडत व्हायचं.

इतकी सुंदर गोष्ट महिनाभर आम्ही बादलीत फेकत होतो. दिव्याच्या निळ्या उजेडात मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. मी फेकलेल्या प्लेटा मनात मोजत होते.

समिती पुन्हा बसली तेव्हा मी सगळं बोलले. वही दाखवली. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "विद्यार्थिनीचा गैरसमज झाला असावा. मी 'दूषित असू शकतं, तपासून बघ' म्हणालो होतो." आणि उपसंचालकांनी मान हलवली! लगेच, सवयीने, चहाला मान हलवावी तशी. बाईंना पुढे एका ओळीचं पत्र आलं: 'सदर सूचना रद्द समजावी.' माफी नाही, कारण नाही. सरांना काहीही झालं नाही. उलट त्यांनी लेख बदलला, 'भिंतबांधणीतील विलंब' असं नवं नाव दिलं, आणि तो पहिल्यापेक्षा मोठ्या ठिकाणी छापून आला. संस्थेने सत्कार केला. अपयशाकडे खुल्या मनाने बघण्यावर ते वीस मिनिटं बोलले. मी शेवटच्या रांगेत होते. टाळ्यांचा तो चिकट आवाज ऐकवेना, म्हणून उठून बाहेर आले.

तोवर मी बुरशीबाईंच्या हाताखाली गेले होते. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर मी पहिलं नाव बाईंचं लिहिलं आणि पान घेऊन धुण्याच्या खोलीत गेले. त्यांनी ओले हात पुसले, पान लांब धरून वाचलं. "खोड," म्हणाल्या.

"का?"

"या सगळ्यात माझं नाव कशाला? शंभर वर्षांनी कुणी उघडलं तर वास येईल."

मी खोडलं नाही. ते त्यांना कधी कळलं की नाही, माहीत नाही.

बाईंनी स्वतः मात्र एक गोष्ट केली. अर्ज दिला की, 'मोठ्या सरांच्या प्रयोगशाळेचं काचसामान मी यापुढे धुणार नाही. कारण: किळस.' कार्यालयाने 'प्रकृतीचे कारण' असं लिहून द्या म्हणून विनवलं. बाई हटल्या नाहीत. "प्रकृती ठणठणीत आहे," म्हणाल्या. शेवटी त्यांची बदली भौतिकशास्त्र विभागात झाली. तिथे धुवायला काहीच नव्हतं, लोखंडी यंत्रांवरची धूळ पुसायची. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्यांनी तिथे काढली. मध्ये एकदा भेटल्या तेव्हा विचारलं, कसं वाटतं. "वासच नाही गं," त्या वैतागून म्हणाल्या. "माणसं आत बसलीत की गेलीत, कळत नाही."

सरांची काच धुवायला मग कुणी टिकेना. दोन महिन्यांत तीन माणसं आली आणि गेली. सरांच्या प्लेटा आता खरोखरच दूषित व्हायला लागल्या. एवढा एक न्याय तेवढा झाला, तोही बुरशीने केला.

बाई निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी गेले. मला परगावी नोकरी मिळाली होती, जायच्या आधी एकदा नीट माफी मागायची होती. वाटेत वाक्यंही जुळवली होती. तळमजल्यावरचं घर, दार उघडं. आत बाई गुडघ्यांवर बसलेल्या, न्हाणीघरातली मोरी तुंबलेली. नवरा तार घेऊन उभा, पण त्याचा गुडघा वळत नव्हता. जमिनीवर राखाडी पाणी, त्यात केस, साबणाचा लगदा, काहीतरी काळं.

"बाई, मला तुमच्याशी बोलायचं होतं," मी दारातून म्हटलं. "त्या दिवशी समितीत मी..."

"बोलशील मग. बाह्या वर कर."

मी पिशवी खुंटीला लावली आणि त्यांच्या समोर बसले. त्यांनी तार आत घातली. मी ओढायचं. पहिल्यांदा नुसतंच पाणी आलं, मग एक लांब, निसरडा, गिळगिळीत गोळा आला, हाताला थंड. मी डोळे मिटून ओढत राहिले. वास असा की मला माझी जुळवलेली वाक्यं एकही आठवेना.

"शी, शी, शी," बाई म्हणत होत्या. "कसली घाण ही! तोंड फिरवू नकोस, बघून ओढ, नाहीतर तुटेल मध्येच."

मी बघून ओढलं.

पाणी एकदम गरगरत खाली गेलं. नवऱ्याने वरून बादलीभर पाणी ओतलं, तेही गेलं. बाई भिंतीला टेकून बसल्या, धापा टाकत. मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या. हाताला चिकटलेला एक केस ओढून काढला. "मला अजून आठवलं की मळमळतं. खोटं सांगत नाही. तू दुसऱ्या दिवशी बोललीस तेही आठवतं. पण आधी मळमळतं."

मी मान हलवली. त्याहून जास्त काही मागायला मी आले नव्हते, हे मला तेव्हाच कळलं.

"साबण तिथे कोनाड्यात आहे," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत धू. आणि नखांच्या आत."